दुरुस्ती, जीर्णोद्धार आणि पंक्चर

धाराशिवहून सोलापूरकडे निघालात की गाव संपता संपता डाव्या हाताला पत्र्याच्या शेडची एक रांग लागते. वेल्डिंग, टिंकर, रेडिएटर, कुशन, टायर. त्यातल्या एका शेडसमोर गेल्या दिवाळीपासून एक लांब नाकाचा जुना ट्रक उभा आहे. जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा आहे. टेल्को आणि जर्मनीच्या डाइमलर-बेंझची भागीदारी १९५४ साली सुरू झाली आणि १९६९ साली संपली. त्या काळातले टाटा ट्रक हा तारा मिरवत. म्हणजे या गाडीचं वय पंचावन्नच्या वर धरायला हरकत नाही. पण तिची खरी ओळख मागच्या बाजूला आहे. तिथे माल भरायचा हौदा नाही, लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेली एक खोली आहे. खोलीच्या एका भिंतीत दोन चौकोनी झरोके, छताला धुराड्याचं भोक, आत फिल्मचे डबे ठेवायच्या फळ्या आणि एक माणूस कसाबसा पाय पसरेल एवढा बाक.

ज्यांनी जत्रा पाहिल्या आहेत त्यांनी ओळखलं असेल. ही टुरिंग टॉकीजची गाडी. तंबू वेगळा, पडदा वेगळा, पण मशीनची खोली म्हणजे हा ट्रकच. तंबूच्या तोंडाशी गाडी लावायची, झरोक्यातून प्रकाश आत सोडायचा, खेळ संपला की तंबू गुंडाळून पुढची जत्रा. दिवाळीनंतर निघालेली माणसं पावसाळ्याच्या तोंडावर घरी परतायची. तोवर हा बाकच ऑपरेटरचं घर. लहानपणी येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत आणि आमच्या ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसात असे तंबू मी पाहिले आहेत. मधोमध कनात, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. देवी आणि ख्वाजा, दोन्हीकडे सिनेमा तोच.

हा ट्रक आता महामार्गावरच्या एका ढाबामालकाने विकत घेतला आहे. त्याला तो ढाब्यासमोर उभा करायचा आहे. गिऱ्हाइकांनी फोटो काढावेत, मुलांनी आत चढावं. कल्पना वाईट नाही. म्हणून त्याने गाडी मिस्त्रींकडे आणली आणि सांगितलं, इंजिनाला हात लावू नका, गंज घासा, लंबी भरा, झगझगीत रंग मारा, महिन्याभरात द्या. (लंबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लेप. मराठी शब्दकोशात शोधू नका.) मिस्त्री म्हणाले, ‘‘चलती गाडी होना सेठ. फोटो के वास्ते तो दीवार पे भी निकाल सकते.’’ तेव्हापासून त्या दोघांचा वाद चालू आहे, आणि मी जाता-येता तो ऐकत असल्याने मलाही त्यात मत आहे. मी मिस्त्रींच्या बाजूचा आहे.

हे चाचा गाडीचं काय करताहेत ते आधी सांगतो, कारण ‘जुनी गाडी नीट करणं’ म्हणजे काय याची आपल्याला, म्हणजे खडू-डस्टरवाल्यांना, फारशी कल्पना नसते.

खोलीचा सांगाडा सागवानी होता. खालचे आडवे दांडे पाण्याने कुजलेले, वरचे धड. चाचांनी धड लाकडाला हात लावला नाही. कुजलेल्या दांड्यांच्या जागी जुनंच सागवान हवं होतं, कारण नवं ओलसर लाकूड सुकताना पीळ खातं आणि पत्र्याचे रिबिट सैल करतं. ते जुनं सागवान मिळालं माळवदातून. मराठवाड्यात सगळीकडे माळवदं पाडून स्लॅब टाकण्याचं काम चालू आहे. त्यांच्या तुळया आणि खांब वखारीत येऊन पडतात. शंभर वर्षं कुणाच्या तरी डोक्यावर माती तोलून धरलेली तुळई आता सिनेमाच्या गाडीचा तळ झाली आहे.

पत्र्याचं आणखी मजेदार. एका बाजूचा पत्रा चाळणी झालेला. नवा घेतला असता तर सोपं होतं. पण भंगारात एसटीच्या मोडीत निघालेल्या बसचे ॲल्युमिनियमचे पत्रे स्वस्तात होते. चाचांनी ते घेतले, पण लोखंडी पट्टीवर थेट ठोकले नाहीत. मधे जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी घातली. मी विचारलं, आवाज होऊ नये म्हणून का? म्हणाले, आवाजासाठी नाही. हे दोन धातू एकमेकांना लागून राहिले आणि पाणी लागलं की एक दुसऱ्याला खातो. विज्ञानाच्या पुस्तकात हाच धडा विद्युतघट म्हणून येतो. आमची मुलं त्याची आकृती काढून तीन गुण घेतात. चाचा सातवी नापास आहेत.

मागच्या कमानीचे दोन पाटे तुटलेले. तसेच पाटे दुसऱ्या मोडलेल्या ट्रकचे मिळाले, पण त्यांचा बाक वेगळा. ते भट्टीत लाल करून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन जुन्या पाट्यांशी जुळवले. कमानीचे बुश लेथवर कातून आणले. समोरच्या दोन दिव्यांपैकी एक फुटका. सात इंची गोल दिवा त्या काळी ट्रकला, जीपला, ॲम्बेसेडरला सगळ्यांना चालायचा, त्यामुळे तो एका ॲम्बेसेडरचा बसला. खिडकीचं रबर मात्र नवं, ब्रेकचे पाइप नवे, वायरिंग सगळं नवं. ‘‘जान का मामला जहाँ, वहाँ पुराना नक्को,’’ हा चाचांचा नियम. ब्रेक आणि वायर यांत जुन्याचं कौतुक करायचं नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

आतल्या दोन प्रोजेक्टरपैकी एकाचं फक्त लोखंडी पाऊल उरलं आहे. दुसरा आहे, पण त्याचं हृदय बिघडलेलं. पस्तीस मिलिमीटरची फिल्म प्रोजेक्टरमधून सरळ वाहत नाही; ती सेकंदाला २४ वेळा थांबते. थांबते तेवढ्यात प्रकाश जातो, मग झाकण पडतं, फिल्म एक घर खाली ओढली जाते. हे ओढणं-थांबवणं चार खाचांच्या एका छोट्या चाकाकडून होतं. त्याला माल्टीज क्रॉस म्हणतात. खाच झिजली की पडद्यावर चित्र थरथरतं. दिव्याच्या जागी पूर्वी कार्बनच्या दोन कांड्या असत. त्यांच्या टोकांमध्ये ठिणगीचा झगमगता पूल तयार व्हायचा, कांड्या जळत जायच्या आणि ऑपरेटर हाताने त्यांचं अंतर सांभाळत बसायचा. छताचं धुराडं त्याच धुरासाठी. हे काम चाचांचं नाही. ते त्यांनी गावातल्या एका शिलाई मशीनवाल्याकडे दिलं आहे, कारण त्यांच्या मते सुईची चाल ज्याला कळते त्याला फिल्मची चाल कळेल. बघू.

या गाडीमागे एक लांब इतिहास आहे आणि त्यात आपल्यालाही एक पान आहे. सुरतेचे एक बोहरी तरुण, अब्दुलअली युसूफअली, १९०१ साली तंबू आणि प्रोजेक्टर घेऊन निघाले. सिंगापूर, सुमात्रा, जावा, ब्रह्मदेश, सिलोन असं सहा-सात वर्षं फिरले. १९०८पासून १९१४पर्यंत हिंदुस्थानात गावोगाव तंबू लावला. मग आर्देशीर इराणींबरोबर मुंबईत अलेक्झांड्रा थिएटर घेतलं, पुढे मॅजेस्टिक उभं केलं. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याच मॅजेस्टिकमध्ये लागला. बोलपटाचं पहिलं घर तंबूच्या कमाईतून उभं राहिलं, हे फारसं कुणी सांगत नाही. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये तंबू त्यानंतरही कितीतरी दशकं टिकून राहिले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी कित्येक वर्षं या तंबूवाल्यांबरोबर फिरून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. त्यात तंबू चालवणारे महंमद आहेत, बापू आहेत आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणारे प्रकाश आहेत. प्रकाश यांनी स्वतःच्या डोक्याने एक नवा प्रोजेक्टर बनवलेला असतो आणि तो बनेपर्यंत फिल्मच संपत आलेली असते. कुणाला मिळाला तर जरूर पाहा. फिल्मच्या रिळांच्या जागी डिजिटल आलं, मग मोबाइल आला. तंबूवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आता कायदा या गाडीकडे कसा बघतो? २०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ गाड्यांची व्याख्या घातली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराची, मूळ रूपात राखलेली, चॅसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली. वीस हजार रुपये भरा, वेगळा नंबर घ्या. गाडी रोज चालवायची नाही, धंद्याला लावायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. राजे-रजवाड्यांच्या रोल्स रॉइससाठी हा नियम उत्तम आहे. ज्या गाडीने आयुष्यभर धंदा केला, सहा महिने खड्ड्यातून फिरली आणि दर पावसाळ्यात हाताला मिळेल त्या तुकड्याने नीट होत राहिली, ती या व्याख्येत कुठेच बसत नाही. तिचा गुन्हा एकच, तिने काम केलं.

मला ‘मूळ रूप’ या शब्दाचीच शंका आहे. आमच्या घरी आजीने शिवलेली एक वाकळ होती. तिच्यात दादांचं धोतर, फुफीचा दुपट्टा, शेजारच्या मावशींचं इरकली लुगडं, कुणाच्या तरी शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा. फाटली की अम्मी वरून नवं ठिगळ घालायची. यातलं मूळ कोणतं, असं घरात कधी कुणी विचारलं नाही. ऊब लागते ना, मग वाकळ तीच. या ट्रकचा आजचा पत्रा एसटीचा, लाकूड माळवदाचं, दिवा ॲम्बेसेडरचा आहे. पण पूर्वीही तो तसाच होता. चाचांना जुना पत्रा काढताना खाली तेलाच्या डब्याचे पत्रे सापडले, कुठल्याशा जत्रेत घाईने ठोकलेले. त्यांनी त्यातला एक तुकडा तसाच ठेवला आहे. मला विचाराल तर या गाडीचं मूळ रूप तोच तुकडा.

ढाबामालकाला मी हेच सांगून पाहिलं. झगझगीत रंगाखाली लंबी भरून टाकली की दोन पावसाळ्यांत ती फुगते आणि गंज आतून खात राहतो. आणि गाडी चालती असली तर ती येरमाळ्याला नेता येईल, एखाद्या रात्री पडदा लावता येईल. तो म्हणाला, ‘‘सर, डिझेल कोण घालणार?’’ प्रश्न रास्त आहे. आमचा अणदूर-नळदुर्गचा खंडोबासुद्धा वर्षातला काही काळ इकडे आणि काही काळ तिकडे राहतो, पण त्याला न्यायला दोन गावं आहेत. या गाडीला अजून एकही नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, एका ट्रकसाठी एवढं कशाला? माझा खरा मुद्दा ट्रकच्या खाली पालथा पडलेल्या माणसाचा आहे.

मी उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो, त्यामुळे शब्दांची मोजदाद करायची खोड आहे. देऊळ नीट केलं की त्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. पुण्या-मुंबईत श्रीमंताची मोटार नीट झाली की तिला रिस्टोरेशन म्हणतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. तेच हात तेच काम शेडखाली करतात तेव्हा ती दुरुस्ती. आणि करणाऱ्याचं नाव मुसलमानी असलं की समाजमाध्यमांवर त्या सगळ्याला एकच शब्द आहे, पंक्चर. शिक्षणावर बोला, नोकरीवर बोला, काहीही लिहा, खाली कुणीतरी येऊन ‘जा, पंक्चर काढ’ लिहून जातो. २०२५च्या एप्रिलमध्ये हिसारच्या सभेत पंतप्रधानांनीही वक्फच्या मालमत्तांवर बोलताना हेच उदाहरण घेतलं : त्या मालमत्तांचा नीट उपयोग झाला असता तर मुस्लीम तरुणांना पंक्चर काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं. वक्फच्या कारभाराबद्दल आपल्यालाही पुष्कळ बोलायचं आहे आणि ते आपण बोललंच पाहिजे. मी फक्त उदाहरणापाशी थांबतो. पंक्चर काढणं ही गरिबी असू शकते. ती लाज कधीपासून झाली?

यात आपण साळसूद नाही. आपल्या लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलगा गॅरेजला असतो’ हे वाक्य कसं खालच्या आवाजात येतं ते आठवा. सच्चर समितीने २००६ सालीच आकड्यांनिशी मांडलं की मुसलमान कामगारांत स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांहून जास्त आहे. त्यावर आपण काय केलं? नोकऱ्यांसाठी निवेदनं दिली, ती द्यायलाच हवी होती. पण जे हात आधीच कामावर आहेत त्यांच्या कामाला कागद कसा मिळेल, यावर एक सभा झाल्याचं मला आठवत नाही.

कागदाचंच बघा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. हाताने काम करणाऱ्या कारागिरांसाठी प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार, पाच टक्क्यांनी आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज. योजना चांगली आहे, आमच्या वस्तीतल्या शिंप्यांना मी स्वतः फॉर्म भरून दिले. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, कुलपं बनवणारा आहे, चिलखत बनवणारासुद्धा आहे. मोटारीचा टिंकर नाही, मेकॅनिक नाही, वेल्डर नाही, पंक्चरवालाही नाही. चाचा दिवसभरात सुतारकाम करतात, लोहारकाम करतात, कुलूपही बसवतात. पण तिन्ही एका गाडीवर करतात म्हणून यादीत एकही नाही. परंपरेने आलेला धंदा हवा, असं उत्तर मिळतं. चाचांचे वडील आणि आजोबा निजामाच्या काळापासून गाड्यांचंच काम करत होते. आमच्या भागात निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनी प्रवासी वाहतूक सुरू केली होती. परंपरा व्हायला आणखी किती पिढ्या लागतात?

मला या कामाचं गोडवेगीत गायचं नाही. चाचांना खोकला आहे. वेल्डिंगच्या वेळी चष्मा असतो, पण तो बहुतेक वेळा कपाळावर असतो. घासताना उडणारी जुन्या रंगाची धूळ नाका-तोंडात जाते. आणि त्यांच्या हाताखालचा एक पोरगा माझ्या शाळेतला आहे. आठवीत हजेरी अर्धी, नववीत त्याहून कमी. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, आणि चौदा पूर्ण होताच त्याला भट्टीजवळ उभं करणं हा सुटकेचा रस्ता नाही. आयटीआयला बहुतेक चांगल्या ट्रेडसाठी दहावी लागते. नववीत शाळा सुटली की हा मुलगा आयुष्यभर दुसऱ्याच्या शेडमध्ये राहील, त्याचा हात कितीही चांगला असो. ती दहावी त्याला मिळाली पाहिजे. यावर चाचांशी माझं भांडण झालं आहे आणि ते मी सोडणार नाही.

पण मुलगा शाळेत थांबावा असं वाटत असेल तर त्याला जे येतं त्याची शाळेने कधीतरी दखल घ्यावी लागेल. बी.एड.ला आम्ही नई तालीम वाचली होती. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, हस्तव्यवसायातून शिक्षणाचा आराखडा करायला समिती नेमली, आणि तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले गुण मिळाले होते. त्यानंतर वीस वर्षांच्या नोकरीत ती तालीम मी कुठे पाहिली नाही. आता २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत. त्यांत सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकायचं आहे. मी ठरवलं आहे की त्यातले दोन दिवस त्या ट्रकवर काढायचे. विज्ञानाच्या बाईंनी दोन धातूंचा धडा तिथे घ्यायचं कबूल केलं आहे. मी भाषा घेईन. रंदा आणि दुरुस्त फारसी, अवजार आणि मरम्मत अरबी, मिस्त्री आणि चावी पोर्तुगीज, खिळा आणि हातोडा आपले मराठी, बुश आणि बेअरिंग इंग्रजी, आणि हे सगळे एका वाक्यात कुणालाही न अडता चालतात. ‘मराठी भाषेवर इतर भाषांचा प्रभाव’ हा निबंध यापेक्षा चांगला कुठे शिकवणार?

पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या. बहुतेकांनी सही केली. एकाने केली नाही, तो स्वतः त्याच रांगेत रेडिएटरचं काम करतो. शाळेत भेटायला आला तेव्हा हात धुतलेले होते, नखांत काळं होतं. म्हणाला, ‘‘सर, पोराला त्या शेडमधून बाहेर काढायला मी तुमच्याकडे घातला. तुम्ही त्याला पुन्हा तिथंच नेताय.’’ मी त्याला झाकिर हुसेन सांगितले नाहीत. विचारलं, रेडिएटरमध्ये गळती कुठे आहे हे तुम्ही कसं ओळखता? त्याने पाच मिनिटं सांगितलं. मग म्हटलं, हे वर्गाला सांगायला तुम्हीच या, मुलाच्या समोर. तो बराच वेळ काही बोलला नाही. शुक्रवारी शेड बंद असतं, नमाजनंतर अडीचला पोरं आणा म्हणाला, पण माझी भट्टी पेटवणार नाही.